घरातील काँक्रीट आणि गिलाव्याची दुरुस्ती: तडा ओळखण्यापासून पाणी मारण्यापर्यंत

पुण्यातील घरांच्या दुरुस्तीची बरीच कामे मे महिन्याच्या अखेरीस, वळवाच्या पहिल्या सरीने छतावर ओलीचा डाग उमटवल्यानंतर सुरू होतात आणि घाईघाईत उरकली जातात. डागावर पुट्टी लागते, पोपड्यावर सिमेंटचा हात फिरतो, गच्चीवर कसलासा रंग फासला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात नेमक्या त्याच जागी तोच डाग पुन्हा दिसू लागतो. अशा वेळी दोष गवंड्याला दिला जातो, परंतु दुरुस्ती न टिकण्याची कारणे बहुधा दोनच असतात: पाणी कोठून येते याचा शोध न घेता ते जेथे दिसते तेथे केलेले काम, आणि नव्या मालावर पुरेसे दिवस पाणी न मारणे. पुढील लेखात फ्लॅट, बंगला किंवा जुन्या घरातील काँक्रीट, वीटकाम आणि गिलाव्याच्या दुरुस्त्या या दोन गोष्टी सतत समोर ठेवून मांडल्या आहेत. कोणते काम घरमालकाने गवंड्याकडून स्वतः उभे राहून करून घ्यावे आणि कोठे थांबून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे, हेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

आधी तडा ओळखावा

भिंतीवरची प्रत्येक रेघ धोक्याची नसते आणि प्रत्येक रेघ निरुपद्रवीही नसते. तडा कोठे आहे, कोणत्या दिशेने गेला आहे आणि तो वाढतो आहे का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून त्याचे कारण बहुतांशी कळते. गिलाव्यावर सर्वत्र जाळीसारख्या बारीक भेगा असतील, तर माल जास्त सिमेंटचा होता, वाळूत बारीक भुकटी जास्त होती किंवा गिलावा उन्हात लवकर सुकला, असे समजावे. काँक्रीटचा कॉलम आणि विटांची किंवा ब्लॉकची भिंत जेथे मिळते तेथे सरळ उभी भेग असेल, तर ती दोन वेगवेगळ्या पदार्थांच्या कमी-अधिक आकुंचन-प्रसरणामुळे पडलेली असते. सर्वांत वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली भिंतीत आडवी भेग दिसली, तर एप्रिल-मेच्या उन्हात तापलेला गच्चीचा स्लॅब सरकत असल्याची ती खूण असते.

खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकस निघालेला, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता तडा मात्र गांभीर्याने घ्यावा. लिंटेलला, म्हणजे दारा-खिडकीवरच्या आडव्या तुळईला, भिंतीवर पुरेसा आधार नसणे किंवा पाया एका बाजूने खचणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. पुणे परिसरात काळी माती असलेल्या जागी बांधलेल्या घरांत हे अधिक दिसते, कारण ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते, त्यामुळे भिंतीतील तडाही ऋतूनुसार उघडतो आणि मिटतो. बीम, कॉलम किंवा स्लॅबच्या तळाशी सळईच्या रेषेने सरळ गेलेली आणि तांबूस डाग असलेली भेग म्हणजे आत गंज सुरू झाल्याचा जवळजवळ खात्रीचा पुरावा होय.

तडा वाढतो आहे की नाही हे ठरवण्याची रीत सोपी आहे. त्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी, आणि मध्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना इपॉक्सीने चिकटवावी. भिंत किंचितही हलली तर काच तडकते. काही महिन्यांत, शक्यतो एक उन्हाळा आणि एक पावसाळा ओलांडून, काच शाबूत राहिली आणि खुणा पुढे सरकल्या नाहीत, तर तो तडा स्थिर झाला असे मानून भरावा. हलणाऱ्या तड्यात कडक सिमेंट भरले, तर तो शेजारीच नवी वाट काढतो.

हंगाम

या शहरात काँक्रीट आणि गिलाव्याच्या कामाला दिवाळी ते होळी हा काळ सर्वांत चांगला आहे. पावसाळ्यात भिजलेल्या भिंती तोपर्यंत वाळलेल्या असतात, हवा थंड असल्यामुळे माल सावकाश घट्ट होतो आणि पाणी मारणे सोपे जाते. एप्रिल-मेमध्ये काम करणे भागच असेल, तर गिलावा सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावा, बाहेरच्या भिंतीवर ओले गोणपाट किंवा हिरवी जाळी टांगावी, आणि जलरोधक लेप निदान मेच्या मध्यापर्यंत पूर्ण होईल अशा बेताने कामाचा दिवस धरावा. ओलीचा शोध घेण्याची योग्य वेळ मात्र भर पावसाळ्यातलीच असते. जुलै-ऑगस्टमध्ये डाग कोठे आणि पावसानंतर किती तासांनी दिसतो, याची टिपणे आणि फोटो ठेवले, तर हिवाळ्यातील काम निम्मे सोपे होते. पावसाशी संबंध नसलेला आणि बारमाही ओला राहणारा डाग हा गच्चीचा नसून वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा किंवा फुटलेल्या पाइपाचा असतो, हेही याच टिपणांतून स्पष्ट होते.

माल

सिमेंटच्या गोणीवर पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. घेताना ते पाहावेच, कारण तीन महिने साठवलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते. दुकानांत बहुधा मिळते ते पीपीसी म्हणजे राख मिसळलेले सिमेंट. ते घरगुती दुरुस्तीला उत्तम आहे, परंतु त्याची ताकद सावकाश वाढत असल्याने त्याला पाणी जास्त दिवस मारावे लागते. ५३ ग्रेडचे ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेले साधे सिमेंट, गिलाव्यासाठी मागू नये, त्याने भेगांचे प्रमाण वाढते.

नदीची वाळू आता सहजी मिळत नाही, त्यामुळे पुण्यात बहुतेक कामे काळ्या दगडापासून केलेल्या क्रश सँडवर होतात. गिलाव्यासाठी धुतलेली, बारीक प्लास्टर सँड वेगळी मागावी, कारण न धुतलेल्या वाळूतील भुकटी हेच गिलावा तडकण्याचे मोठे कारण आहे. तपासायचे असल्यास काचेच्या सरळ बरणीत निम्मी वाळू, वर पाणी आणि चमचाभर मीठ घालून जोरात हलवावे आणि दोन-तीन तास स्थिर ठेवावे. वाळूच्या वर गाळाचा जो वेगळा थर बसतो, तो वाळूच्या थराच्या आठ टक्क्यांहून जाड असेल, तर ती वाळू परत करावी.

पाटीने किंवा फावड्याने माप घेण्याची सवय मोडावी. ५० किलोच्या एका गोणीत सिमेंटचे आकारमान सुमारे ३५ लिटर असते, म्हणून ४० × ३५ × २५ सेंटीमीटर आतील मापाचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा वापरला, की एक फर्मा म्हणजे एक गोणी हे गणित पक्के राहते. वाळू दमट असेल तर ती फुगलेली असते. पाच-सहा टक्के ओलाव्यात तिचे आकारमान पाव हिश्श्याने किंवा थोडे अधिक वाढते, त्यामुळे दमट वाळू मोजताना तेवढी जास्त घ्यावी, नाहीतर माल ठरवल्यापेक्षा जास्त सिमेंटचा होतो.

आतील गिलाव्याला सिमेंट आणि वाळू यांचे १:४ ते १:६, बाहेरील गिलाव्याच्या पहिल्या थराला १:४, आणि छोट्या काँक्रीट कामाला, म्हणजे पायरी, ओटा किंवा लहान छज्जा यांना, सिमेंट, वाळू आणि खडी यांचे १:१.५:३ हे प्रमाण धरावे. या शेवटच्या प्रमाणात एका गोणीपासून साधारण ०.१२ घनमीटर काँक्रीट होते, म्हणजे १०० मिलिमीटर जाडीचा सव्वा चौरस मीटरच्या आसपासचा भाग. गोणीमागे पाणी २२ ते २५ लिटरच, आणि त्यात वाळूतील ओलावाही धरायचा. माल लवकर पसरावा म्हणून बिगारी वरून बादली ओततो, त्या क्षणी काँक्रीटची ताकद कमी होते आणि सुकताना त्यात भेगा पडण्याची सोय होते. दुरुस्तीच्या कामावर उभे राहून घरमालकाने एकच गोष्ट रोखायची असेल, तर ती ही रोखावी. कालवलेला माल अर्ध्या तासात संपेल एवढाच घ्यावा, आणि घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरू देऊ नये.

स्लॅबचे पोपडे आणि गंजलेली सळई

तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींत हा बिघाड सर्वांत अधिक दिसतो आणि त्याचीच दुरुस्ती सर्वांत वाईट केली जाते, म्हणून तो थोडा सविस्तर समजून घ्यावा. चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतील सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत गेला, की ही अल्कता घटते, आणि सळईवरचे काँक्रीटचे आवरण पातळ असेल व त्यात ओल असेल, तर गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असते. तो आतून रेटा देतो, खालचे आवरण फुगते आणि एके दिवशी पोपडा सुटतो. भारतीय मानक ४५६ प्रमाणे स्लॅबला निदान २० मिलिमीटर आणि कॉलमला साधारणतः ४० मिलिमीटर आवरण लागते. जुन्या बांधकामांत, विशेषतः छज्जे आणि बाल्कनीच्या तळाशी, ते कित्येकदा बोटभरही नसते.

काम सुरू करण्यापूर्वी वरची गळती बंद झालेली असावी आणि स्लॅब वाळलेला असावा. हे झाले नसेल तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. त्यानंतर हलक्या हातोडीने संपूर्ण छत ठोकून पाहावे. घट्ट काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो, आणि सुटलेल्या जागी तो भद्द होतो. भद्द आवाजाच्या जागेभोवती खडूने रेघ ओढत गेले, की सकाळी ताटाएवढा वाटणारा पोपडा दुपारी अर्ध्या खोलीएवढा निघाला, असे अनेक घरांत घडते, त्यामुळे अंदाजपत्रक या ठोकण्यानंतरच करावे. पोपडे बीमवर, कॉलमवर किंवा स्लॅबच्या मोठ्या भागावर असतील, छज्जा किंवा बाल्कनी पुढे झुकलेली दिसत असेल, तर काहीही न तोडता प्रथम टेकू लावून घ्यावेत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. बाल्कनी आणि छज्ज्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, हे ध्यानात न घेता वरून तोडफोड केल्याने ते भाग कोसळू शकतात.

लहान भागाची दुरुस्ती पुढील क्रमाने करावी. खडूच्या रेघेच्या थोडे बाहेरून ग्राइंडरने पाच ते दहा मिलिमीटर खोल सरळ काप घ्यावा. सळईला पाते लागू देऊ नये. असा काप घेतल्याने नव्या मालाची कड कागदासारखी पातळ न होता जाड राहते आणि उचकटत नाही. मग छिन्नी-हातोड्याने सुटलेले सर्व काँक्रीट काढावे आणि गंजलेल्या सळईच्या मागेही निदान २० ते २५ मिलिमीटर पोकळी करावी. गवंडी येथेच बहुधा हात आखडता घेतात आणि सळईचा दिसणारा पुढचा भाग साफ करून थांबतात, परंतु मागचा गंज तसाच राहिला तर तो नव्या मालाला आतून पुन्हा ढकलतो. सळई गंजलेली आहे तोपर्यंत, तिच्या लांबीने दोन्ही बाजूंना चांगले लोखंड लागेपर्यंत, काँक्रीट उघडत जावे.

सळई तारेच्या ब्रशने धातूची चमक दिसेपर्यंत घासावी आणि व्हर्नियर कॅलिपरने तिचा व्यास मोजावा. ८ मिलिमीटरची सळई घासल्यावर ७ मिलिमीटर उरली, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्के घटलेले असते, म्हणजे एक मिलिमीटरचा फरक डोळ्यांना क्षुल्लक वाटला तरी भार पेलण्याच्या दृष्टीने तो मोठा असतो. अशा वेळी शेजारी नवी सळई जोडावी का आणि तिचा जोड किती लांब घ्यावा, हे इंजिनिअरनेच ठरवावे. सळई शाबूत असल्यास तिला गंजरोधक प्रायमरचे दोन हात द्यावेत, आणि पहिला वाळल्यावरच दुसरा द्यावा.

आता काँक्रीटच्या पृष्ठभागावरची धूळ धुऊन ती जागा पाण्याने तृप्त करावी, मात्र वर पाणी चमकत राहू नये. त्यावर एसबीआर लॅटेक्स (डब्यात मिळणारा दुधासारखा पॉलिमर द्रव) आणि सिमेंट यांचा पातळ लेप ब्रशने चोपडावा, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, म्हणजे हाच द्रव घालून कालवलेला सिमेंट-वाळूचा माल, भरावे. लेप वाळून गेला, तर तो जोडण्याऐवजी वेगळा करणारा थर बनतो, म्हणून एका वेळी हाताला येईल तेवढाच भाग घ्यावा. पॉलिमर, सिमेंट आणि क्वार्ट्झ वाळू यांचे वजनाने १:५:१५ हे नेहमीचे प्रमाण असले, तरी डब्यावर वेगळे लिहिले असल्यास ते पाळावे. छताला एका थरात १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जास्त माल लावू नये. थापीने दाबून सळईच्या मागे पोकळी न ठेवता भरावा, थर ओरखडून सोडावा आणि तो घट्ट झाल्यावर पुढचा द्यावा. खोली ५० मिलिमीटरहून अधिक असेल, तर हाताने थापण्यापेक्षा फळ्या बांधून मायक्रो काँक्रीट, म्हणजे बारीक खडीचे, सहज वाहणारे तयार काँक्रीट, ओतणे योग्य. पॉलिमरच्या मालाला सुरुवातीचे एक-दोन दिवस ओलसर ठेवून नंतर हवेत सुकू द्यायचे असते, तेव्हा त्याबाबतही डब्यावरच्या सूचनेप्रमाणे वागावे.

या कामात डोळ्यांवर चष्मा, नाकावर चांगला मास्क आणि हातांत रबरी मोजे असलेच पाहिजेत, कारण काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते आणि ओले सिमेंट कातडी भाजते. मजुरांसाठी ही साधने घरमालकाने स्वतः आणून द्यावीत. बोहरी आळीतील हार्डवेअरच्या दुकानांत ती सहज मिळतात, आणि त्यांचा खर्च एकूण खर्चात जाणवतही नाही. दुरुस्ती झालेल्या छताखाली लगेच पीओपीचे फॉल्स सीलिंग करण्याचा मोह टाळावा. निदान एक पावसाळा ते छत उघडे राहू द्यावे, म्हणजे दुरुस्ती टिकली की नाही हे डोळ्यांनी पाहता येते.

गिलाव्याच्या भेगा

जाळीसारख्या बारीक भेगांना रंगापूर्वी क्रॅक फिलर आणि लवचिक रंग पुरेसा असतो. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यातील भेग मात्र रंगाखाली झाकून जात नाही. तेथे भेगेच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५० मिलिमीटर गिलावा काढून सांधा मोकळा करावा, माल धरावा म्हणून काँक्रीटच्या भागावर छिन्नीने टाचे मारावेत, सांधा पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरावा आणि त्यावर कोंबडी जाळी खिळे-वॉशरने ताणून बसवावी. जाळी भिंतीला चिकटून न राहता गिलाव्याच्या जाडीत मधोमध यावी, म्हणून तिच्याखाली मालाचे ठिपके देऊन ती थोडी उचलून धरावी. पूर्वीच्या गिलाव्याशी नवा गिलावा समपातळीत आणण्यासाठी रंधा फिरवताना कडा ओल्या ठेवाव्यात.

भिंतीच्या जोत्याजवळचा गिलावा फुगून त्यातून पांढरी भुकटी निघत असेल, तर ती जमिनीतून वर चढलेल्या ओलीतील क्षारांची असते. अशा भिंतीवर बाहेरून कितीही जलरोधक लेप दिला, तरी ओल आतल्या बाजूने किंवा आणखी वर निघते. बाहेरची जमीन जोत्याच्या खाली उतरवणे, भिंतीलगतच्या कुंड्या आणि बागेचे पाणी दूर नेणे, आणि खराब गिलावा ओलीच्या रेषेच्या वर निदान अर्धा मीटरपर्यंत काढून भिंत काही आठवडे सुकू देणे, हाच खरा मार्ग आहे.

गच्ची

गच्चीची गळती सपाट भागातून कमी आणि कडेने जास्त होते, असे माझे अनुभवावरून झालेले मत आहे. म्हणून प्रथम कठडा आणि कोबा (स्लॅबवर उतार देऊन केलेला विटांचे तुकडे व मालाचा जलरोधक थर) यांच्या सांध्यातील वाटा, म्हणजे मालाची तिरपी गोलसर पट्टी, तपासावा. तो भिंतीपासून सुटला असेल, तर त्या फटीतून कठड्यावरचे सगळे पाणी स्लॅबवर उतरते. त्यानंतर पावसाळी पाइपांची तोंडे, पाण्याच्या टाकीचे ओटे आणि सोलर वॉटर हीटरचे पाय पाहावेत. पुण्यात सोलर जवळजवळ प्रत्येक इमारतीवर आहेत, आणि त्यांचे स्टँड कोब्यात भोके पाडून बोल्टने घट्ट केले गेल्यामुळे सुरू झालेली गळती शोधणाऱ्याला फार उशिरा सापडते. भेगेत पिंपळाचे किंवा उंबराचे रोप उगवले असल्यास ते वरून खुडून उपयोग नाही. मूळ निघेपर्यंत भेग उघडून ते काढावे आणि मगच भरावे.

वाट्याच्या दुरुस्तीसाठी कठड्याच्या गिलाव्यात कोब्यापासून वर सुमारे ७५ मिलिमीटर उंचीवर खाच घ्यावी, सुटलेला माल काढावा, लॅटेक्सचा लेप द्यावा आणि १:३ च्या मालात जलरोधक द्रव मिसळून तिरपा, गोलसर वाटा घोटून काढावा. त्याची वरची कड खाचेच्या आत गेली पाहिजे. कोब्यातील भेगा व्ही आकारात उघडून लवचिक सीलंटने भराव्यात, आणि शेवटी सिमेंटयुक्त पॉलिमर लेपाचे दोन हात एकमेकांना काटकोनात द्यावेत.

जुना कोबा पार खिळखिळा झाला असेल, तर त्याच्यावरच नवा कोबा टाकण्याचा सल्ला दिला जातो. तो स्वीकारू नये. विटांच्या १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो असते, आणि वावर असलेल्या गच्चीसाठी माणसांचा व सामानाचा म्हणून जो भार आराखड्यात धरलेला असतो, तोच भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे १५० किलो असतो. म्हणजे दुसरा कोबा टाकला की गच्ची रिकामी असतानाही स्लॅबवर कायमचा जादा भार बसतो. जुना कोबा टप्प्याटप्प्याने, स्लॅबला हादरे न देता काढावा, स्लॅबच्या भेगा भरून त्यावर २४ ते ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्यावी, आणि मग मालाचा थर, पूर्ण भिजवलेले विटांचे तुकडे, त्यांच्या दर्जा (सांध्यांत भरायचा माल) आणि वरचा घोटीव थर अशा क्रमाने नवा करावा. उतार मीटरला निदान १० मिलिमीटर असावा आणि तो पावसाळी पाइपाकडेच जातो आहे, हे लेव्हल पाइपने तपासावे. काम संपल्यावर गच्चीवर मालाची आळी (पाणी अडवणारे छोटे बांध) करून पुन्हा पाणी साठवावे. ही चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरील भिंतींची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे.

वाडे आणि चुन्याच्या भिंती

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत अजूनही घडीव दगडाचे जोते, त्यावर लाकडी सांगाडा आणि चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती असलेली घरे आहेत. या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल पृष्ठभागातून बाहेर उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद झाली, की ओल आतच साठते, विटा भुसभुशीत होतात, आणि भिंतीतील सागवानी खांब तळाशी कुजू लागतात. दगडी जोत्याच्या सांध्यांतही सिमेंटच्या दर्जा भरल्या, तर कडक सिमेंट जागचे हलत नाही आणि सांध्याच्या कडेचा दगड किंवा चुना झडतो.

दर्जा भरताना सैल माल सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत हलक्या हाताने काढावा, सांधा धुऊन ओला करावा, आणि चांगला भिजवून मुरवलेला एक भाग चुना व तीन भाग चाळलेली वाळू यांचा घट्टसर माल दाबून भरावा. लवकर कडक होण्याची गरज असेल तेथे भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, वाळूच्या काही भागाऐवजी घालावी. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पक्का होतो, म्हणून आठवडाभर तरी त्यावर ओले गोणपाट ठेवून नंतरही त्याला कडक ऊन लागू देऊ नये. वाडा महानगरपालिकेच्या वारसा यादीत असेल, तर कामापूर्वी तिच्या हेरिटेज विभागाची परवानगी आवश्यक आहे.

अंगण, पायरी, कुंपणभिंत

ही कामे सोपी आहेत आणि बिघडतात ती खालच्या भरावामुळे. काळी माती काढून मुरूम १५० मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून आणि ठोकून भरावा. वर १०० मिलिमीटर काँक्रीट घालावे आणि दर तीन मीटरवर सांधा सोडावा. शहाबादी फरशी बसवायची असल्यास तिच्याखाली सलग माल पसरावा, चार कोपऱ्यांत गोळे ठेवून फरशी टेकवू देऊ नये. कुंपणभिंतीच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना थोडे बाहेर आलेले, खालून पाणी तोडणारी खाच असलेले झाकण केले, तर भिंतीचा गिलावा कितीतरी वर्षे जास्त टिकतो.

पाणी मारणे

भारतीय मानक ४५६ साध्या ओपीसी सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी व उष्ण असेल तर निदान दहा दिवस ओले ठेवायला सांगते. पीपीसीसाठी चौदा दिवस धरावेत. सकाळ-संध्याकाळ पाइप मारणे म्हणजे ओले ठेवणे नव्हे, कारण पुण्याच्या उन्हाळ्यात भिंत तासाभरात कोरडी पडते. आडव्या भागावर आळी करून पाणी साठवावे, उभ्या भागावर गोणपाट बांधून ते दिवसभर दमट ठेवावे. गिलाव्यावर पुट्टी किंवा रंग चढवण्यापूर्वी तो पूर्ण सुकायला पुढे आणखी तीन-चार आठवडे लागतात. रंगाऱ्याची तारीख घेताना हे दिवस मोजूनच घ्यावी.

गवंड्याशी ठरवताना

दर चौरस फुटावर ठरत असेल, तर तोडणे, राडारोडा उचलणे, पाणी मारणे आणि पाण्याची चाचणी या गोष्टी त्या दरात आहेत की नाहीत, हे आधी लिहून घ्यावे. मजूर अड्ड्यावरून रोजाने आणलेला माणूस तोडण्याला आणि वाहतुकीला चालतो, परंतु सळईचे, वाट्याचे आणि चुन्याचे काम त्या कामाचा हात असलेल्या मिस्त्रीकडेच द्यावे, आणि त्याने केलेले पूर्वीचे एखादे काम, शक्यतो एक पावसाळा गेलेले, प्रत्यक्ष पाहून यावे. भिंत काढणे, खिडकी वाढवणे, बीमला किंवा कॉलमला छेद देणे ही दुरुस्ती नसते. त्यासाठी इंजिनिअरचा आराखडा आणि महानगरपालिकेची परवानगी लागते. निघालेला राडारोडा ओढ्यात, नदीपात्रात किंवा टेकडीच्या कडेला टाकला जाऊ नये म्हणून तो कोण, कोठे आणि किती फेऱ्यांत नेणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे आणि अखेरच्या फेरीपर्यंत काही रक्कम राखून ठेवावी.